चाळीसपैकी चाळीस

लातूरमध्ये मी बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे कोणतीही गोष्ट शंभर टक्के बरोबर आली की मला शंका येते. कुठंतरी काहीतरी चुकलेलं असतं. यंदा मोबाइलवरचं पावसाचं रडार धर्माबादकडच्या आमच्या गावाबाबत एकदाही चुकलं नव्हतं.

मोजायची सवय अशी लागली. त्या रडारवर हिरवे, पिवळे, लाल ठिपके दर दहा मिनिटांनी सरकत असतात. लाल ठिपका आमच्या गावावर आला की मी तिथं एकट्यानं राहणाऱ्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन करून विचारायचो, पाऊस आला का. ते म्हणायचे, "हाव, आला." मी वहीत बरोबरची खूण करायचो. रडार कोरं असताना कधी सहज विचारलं आणि ते "न्हाई" म्हणाले, की मी बरं म्हणून फोन ठेवून द्यायचो.

खरं तर आबांशी फोनवर बोलायला मिळालेला हा पहिलाच विषय. माय होती तोवर ते फोन उचलायचे आणि "घे, पोराशी बोल" म्हणून तिच्या हातात द्यायचे. गेल्या माघात माय गेली आणि फोन द्यायला कुणी उरलं नाही. बरं आहे का, मी विचारायचो. बरं हाय, ते म्हणायचे. मग विषय संपायचा. पाऊस सुरू झाला आणि आमची सोय झाली.

घोळ होता तो लातूरचा. तेच रडार, तोच मोबाइल, पण इथं ते निम्म्या वेळा तोंडावर पडायचं. डोक्यावर लाल ठिपका आणि मी गच्चीवर ठणठणीत कोरडा. मग गावाकडं ते एवढं शहाणं कसं होतं? मी गोदावरीची वाफ धरून पाहिली, वाऱ्याची दिशा धरून पाहिली. अंतराचं गणित तर उलटंच निघालं. रडार जितकं लांब, तितके त्याला उंचावरचेच ढग दिसतात. त्यातला थेंब जमिनीवर पोचतो की वाटेतच सुकतो, हे त्याला कळत नाही. म्हणजे रडारपासून लातूरपेक्षा लांब असलेल्या आमच्या आडगावाबाबत ते जास्त चुकायला हवं होतं. उज्वला, माझी बायको, म्हणाली, ती वही मिटा आणि जेवून घ्या. मला तिचाच राग आला.

दसऱ्याच्या तोंडावर आबांनी तीन एकरांतलं सोयाबीन कापून, ढीग रचून शेतातच गंज घातली. आता रास, म्हणजे मळणी, करायची राहिली होती. गंज भिजली तर दाणा काळा पडतो आणि वर्ष वाया जातं. मळणीची मशीन मकबूलभाईंची. त्यांचा नंबर हुकला की तीन-चार दिवस वाट पाहायची. रविवार ठरला होता.

रविवारी सकाळी रडारवर पश्चिमेकडून लालभडक पट्टा सरकत होता. बाराला गावावर येणार, मी हिशेब केला. आबांना फोन करून सांगितलं, मशीन परत पाठवा, गंज झाका. मशीन तर आली हाय, ते म्हणाले. मग बरं म्हणाले. बारा वाजता मी पुन्हा विचारलं.

"हाव, आला," आबा म्हणाले. "लई पडून राहिला."

कुठं उभे आहात विचारून मी त्यांना गोठ्यातच थांबायला सांगितलं आणि खूण केली. चाळीसपैकी चाळीस. छाती फुगली होती माझी.

संध्याकाळी मकबूलभाईंचा फोन आला. आवाज जपून काढलेला.

"मास्तर, आबांची तब्येत बरी हाय ना? कडक ऊन पडलं होतं अन् मला म्हणले, पाऊस येऊन राहिला, मशीन घेऊन जा. मी बांधापल्याडच्या वावरात दिवसभर रास केली. एक थेंब न्हाई."

मला काहीच कळेना. एकाच बांधाच्या अलीकडं धो धो आणि पलीकडं ऊन? मी वही काढली, मोबाइल काढला, पुन्हा पाहिलं. पट्टा गावावरूनच गेला होता. मग एकदम डोक्यात आलं. आबांना भास होत होते. एकटा माणूस, सत्तरी उलटलेली. पत्र्यावरचा आवाज, अंगणातलं पाणी, सगळं ते मला किती बारकाव्यानं सांगायचे, आणि मी गाढव खुणा करत बसलो होतो.

सोमवारी पहिली बस धरली. आबा शेतात गंजीवरच्या ताडपत्रीची दोरी आवळत होते. खाली माती भेगाळलेली. मी नमस्कार करायच्या आधी विचारलं, आज वार कोणता. सोमवार, ते म्हणाले. पंचवीसातून सात गेले, उरले किती? अठरा, ते म्हणाले, आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू बिघडलेलं डोकं माझंच असावं.

"आबा, काल पाऊस आला होता का?"

"न्हाई."

"मग हाव का म्हणालात?"

त्यांनी दोरीची गाठ सोडली, परत बांधली.

"न्हाई म्हणलं की तू 'बरं' म्हणतूस अन् फोन ठेवून देतूस. हाव म्हणलं की इचारतूस, कुठं उभे आहाव, भिजलाव का, जेवलाव का. तुझी माय इचारायची तसं."

"पण तुम्ही मशीन परत पाठवलीत, आबा."

"एवढ्या येळा हाव म्हणलं. आता न्हाई कोणत्या तोंडानं म्हणावं?"

मला रडू आलं आणि संतापही आला, आणि तो कुणावर काढावा ते समजेना. चाळीसातले खरे किती, एवढंच मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं. अठरा-एकोणीस असतील, म्हणाले. म्हणजे लातूरसारखंच. भौतिकशास्त्र शाबूत होतं.

मी राहिलो. मंगळवारी रडार कोरं असताना तासभर सर कोसळली, आणि बुधवारी रास केली तेव्हा गंजीचा खालचा थर काळा निघाला. पाच-सहा पोती गेली. उरलेली पोती आबांनी शिवली, मी मोजली.

दिवाळी झाली. रडारवर आता दिवसभर काही नसतं. परवा दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत मी आबांना फोन लावला आणि सवयीनं विचारलं, पाऊस आला का. कोणतं उत्तर द्यावं, हे त्यांना कळत नव्हतं.

"न्हाई," ते शेवटी म्हणाले, आणि मी ठेवून देण्याची वाट पाहू लागले.

"बरं," मी म्हणालो. "मग कुठं उभे आहात? जेवलात का?"