एका दारासाठी तीन मंडळ्या

शिवणकामाच्या कारखान्यात शर्टांची काजं पाडणाऱ्या बाईला सगळे काजाबाई म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. कारखाना तिसऱ्या मजल्यावर. एकशे चाळीस बाया, दोन जिने. पण मागच्या जिन्याच्या दाराला कायमचं कुलूप. कुणी कापड लंपास करू नये म्हणून मालकाचा तसा हुकूम होता. एका मंगळवारी इस्त्रीच्या टेबलाशी वायर जळून धूर झाला, सगळ्या पुढच्या जिन्याकडे धावल्या आणि त्या चेंगराचेंगरीत एका पोटुशीचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी कुलूप जिथल्या तिथे.

रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकांनी प्रार्थनेचे विषय विचारले. कुणी गुडघे सांगितले, कुणी लेकीची परीक्षा. काजाबाई उठली. "आमच्या मागच्या दारासाठी प्रार्थना करा," ती म्हणाली आणि धूर, जिना, मोडका हात, सगळं सांगून मोकळी झाली.

दुपारी नणंद आली. ती लग्नानंतर दगडी चर्चची झाली होती. बावीस वर्षांपूर्वी बाकं कशी मांडायची यावरून चर्चच्या एका मंडळीच्या दोन मंडळ्या झाल्या, आणि तेव्हापासून नणंद-भावजया जगातलं सगळं बोलायच्या, फक्त चर्चचं नाव काढायच्या नाहीत. पण आज नणंदेला राहवेना.

"वहिनी, आमच्याकडे एका इस्त्रीवालीने आज कसल्याशा दारासाठी प्रार्थना मागितली गं."

काजाबाईचं भांडं घासायचं थांबलं. "कुलूप असलेल्या?"

"तुला कसं कळलं?"

संध्याकाळपर्यंत आणखी कळलं. टायरच्या दुकानाच्या माळ्यावर एक छोटी मंडळी भरायची. हात मोडलेली बाई तिथलीच, आणि तिनेही तेच मागितलं होतं.

"एकाच दारासाठी तीन ठिकाणांहून अर्ज!" नणंद म्हणाली. "देव म्हणत असेल, अगं बायांनो, आधी एकमेकींशी तरी बोला!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग काजाबाईने हात पुसले. "चल."

"कुठे?"

"तुमच्या रेव्हरंडांकडे."

"तू? आमच्याकडे?" नणंदेने विचारलं खरं, पण तिच्या पायात चप्पल तोवर गेलीसुद्धा.

चार दिवसांनी तीन मंडळ्यांचे तिघे प्रमुख एका टेबलाशी बसले. पहिला अर्धा तास अध्यक्ष कोण यातच गेला. माळ्यावरच्या मंडळीचा उपदेशक म्हणजे खालच्या दुकानातला टायरवालाच. तो शेवटी म्हणाला, "अध्यक्ष कुणीही व्हा हो. मला फक्त काम सांगा." रेव्हरंड आणि पाळक दोघेही ओशाळले आणि मग बैठक अशी धावली की काजाबाईला चहा प्यायचंही भान राहिलं नाही. ठरलं असं: दोघादोघांच्या जोड्या करायच्या, एक एका मंडळीचा, दुसरा दुसरीचा, कारखान्यातल्या प्रत्येक बाईच्या घरी जायचं, ती चर्चला जाणारी असो वा नसो, आणि फक्त ऐकायचं. मग अग्निशमन अधिकाऱ्याला बोलवायचं आणि सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारायचा.

तीन आठवडे जोड्या फिरल्या. काजाबाईच्या जोडीला नणंदच आली. एकीने दार उघडलं, दुसरी खिडकीतूनच बोलली. पण तिसऱ्या आठवड्यात बाया आपणहून सांगायला येऊ लागल्या.

त्या आठवड्याच्या रविवारी दुपारी दगडी चर्चचा हॉल गच्च भरला. खुर्च्या संपल्या, माणसं खिडक्यांत चढून बसली. अग्निशमन अधिकारी समोर येऊन बसला. प्रश्न विचारायची पाळी काजाबाईची. नोकरी जाईल ही भीती होतीच. त्यातून तिसऱ्या ओळीत तिचा सुपरवायझर बसलेला. तो याच चर्चचा, गायनात खर्जातला आवाज त्याचाच. नणंदेने मागून कोपराने ढोसलं.

"साहेब," काजाबाई म्हणाली, "येत्या शनिवारच्या आत तुम्ही येऊन ते दार बघाल का? हो की नाही?"

अधिकारी सावरून बसला. "असं आहे, तुमची तक्रार मिळाली आहे. पण कारखान्याने लिहून दिलंय की दार उघडं असतं. तेव्हा नियमाप्रमाणे..."

"ते खोटं आहे."

आवाज खर्जातला होता. सुपरवायझर उभा राहिला होता, घामाने चिंब.

"कुलूप मीच लावून ठेवलंय. किल्ली आत्तासुद्धा माझ्या खिशात आहे."

काजाबाईला वाटलं, आत्ता बोललं नाही तर कधीच नाही.

"मग शनिवार कशाला, साहेब? कारखाना दोन गल्ल्या पलीकडे आहे. आत्ताच चला!"

"आत्ताच!" खिडकीतून कुणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल उठला. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, गर्दी पाहिली, टोपी उचलली. "चला," तो म्हणाला.

काय ती मिरवणूक! पुढे सुपरवायझर आणि अधिकारी, मागे रेव्हरंड झगा सावरत, पाळकांच्या कडेवर कुणाचं तरी पोर, आणि दगडीवाल्यांनी सुरू केलेल्या गाण्याचं दुसरं कडवं माळ्यावरचे म्हणत होते. सुपरवायझरने फाटक उघडलं, पण वर मात्र चौघेच गेले. दारासमोर कापडाचे गठ्ठे छातीपर्यंत रचलेले. टायरवाल्याने बाह्या सरसावल्या. गठ्ठे हटले, किल्ली फिरली, पण गंजलेलं दार हलेना. टायरवाल्याने खांदा लावला, सुपरवायझरनेही लावला, आणि काजाबाईने दोघांच्या मधून तळहात.

दार कुरकुरलं आणि एकदम उघडलं. खालून आरोळी उठली.

अधिकाऱ्याने जिन्यावर बसूनच आदेश लिहिला: कुलूप पुन्हा दिसलं तर कारखान्याला टाळं.

सोमवारी मालक लालबुंद होऊन आला. आधी सुपरवायझरला, मग काजाबाईला घरी पाठवणार होता. पण फाटकाशी तिन्ही मंडळ्यांची साठेक माणसं शांतपणे उभी होती आणि अधिकारी आत दार तपासत होता. मालक काही वेळ घुटमळला आणि केबिनमध्ये शिरला. दोघांची नोकरी राहिली.

काजाबाई मशीनवर बसली. उघड्या दारातून वारा येत होता, जिन्यावर नणंद डबा घेऊन उभी असलेली दिसत होती. तिच्याकडे बघता बघता पहिलंच काज साफ तिरकं गेलं, आणि काजाबाईला इतकं हसू आलं की शेजारणींनीही मशीन थांबवल्या.