फुटलेला ठिपका

“मॅडम, हा तिसरा पीस,” दुकानदार मतीन म्हणाला. “आता यालाही नावं ठेवू नका.”

नगरच्या त्या खेळाच्या सामानाच्या दुकानात दुपारचं कोणी गिऱ्हाईक नव्हतं. उज्ज्वलाने रेड डॉटची, नेम धरायला बंदुकीवर बसवतात ती आखूड नळी उजव्या डोळ्यासमोर धरली, डावा डोळा मिटला आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे बघितलं. काचेत लाल ठिपका उमटला. पण तो ठिपका कसला! डाळिंबाचा दाणा भिंतीवर चिरडावा तसा फिसकटलेला. तीन-चार तुकडे, आणि खालच्या तुकड्याला शेपूट.

“हाही फुटलेला आहे,” ती म्हणाली. “तुमचा सगळा मालच खराब दिसतोय. गेल्या वर्षी इथूनच नेला होता, तोही असाच.”

तिने पिशवीतून जुना रेड डॉट काढून काउंटरवर ठेवला. तो बदलून घ्यायचा आणि दुकानदाराला चार शब्द सुनवायचे, एवढं ठरवूनच ती कडा गावाहून एसटीने आली होती. परवा घरच्या बंदुकीवरून सोडवून तिने तो पहिल्यांदा डोळ्याला लावला, तेव्हा तिलाही तुकडेच दिसले. म्हणजे नाना खरं सांगत होते.

नाना म्हणजे तिचे वडील, भागवतराव. फौजेतून निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी छऱ्याची बंदूक घेतली. दसऱ्याला आई ती पाटावर ठेवून पूजा करायची. पूजा झाली की विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणारे नानांचे मित्र युसूफचाचा यायचे. मग विहिरीजवळच्या लिंबाला आपट्याची दोन पानं दोऱ्याने टांगायची आणि वीस पावलांवरून दोघांनी आपापल्या पानाच्या देठावर पाच-पाच छर्रे मारायचे. भोक पडून उपयोग नाही, पान खाली आलं पाहिजे. हरेल त्याने जिलबी आणायची. तेवीस वर्षं हे चाललं आणि चाचांनी बहुतेक वेळा जिलबी आणली.

पासष्टीनंतर नानांना नेम धरताना बंदुकीची मागची खाच, नळीच्या टोकाचा दाणा आणि पान, तिन्ही एकदम दिसेनात. उज्ज्वलाने त्यावर वाचून काढलं. रेड डॉटमध्ये तिन्ही जुळवावी लागत नाहीत. ठिपका पानावर ठेवला की झालं. तिने हौसेने तो आणला, दोन स्क्रू आवळून स्वतः बंदुकीवर बसवला.

गेल्या दसऱ्याला नानांचे पाचही छर्रे हवेत गेले. भोवती गावातली दहा-पंधरा माणसं होती. कोणीतरी म्हणालं, “फौजी, पान राहू द्या, लिंबाला तरी लावा!” सगळे हसले.

“ठिपका फुटतोय गं,” नाना तिला हळूच म्हणाले होते.

“ठिपका नाही फुटत, नाना. डोळे गेलेत तुमचे.”

“शिबिरात दाखवलं ना. मोतीबिंदू न्हाई म्हणला डॉक्टर.”

“शिबिरातले डॉक्टर काय बघतात? पुरे झालं. ठेवा आता ती बंदूक.”

हे ती सगळ्यांसमोर बोलली होती. नानांनी बंदूक खुंटीला अडकवली आणि पुन्हा हात लावला नाही. संध्याकाळी विहिरीवर जाणंही बंद केलं. फाल्गुनात त्यांचं हृदय बंद पडलं.

मतीनने जुना रेड डॉट उलटसुलट करून बघितला. “याची काच लई पुसलीय कोणीतरी. कापडाचे चरे पडलेत बघा.” मग त्याने तो सुरू केला आणि स्वतःच्या डोळ्याला लावला. “मॅडम, गोल आहे की.”

“तुम्ही विकणार, तुम्हाला गोलच दिसणार.”

तो हसला. “माझ्यावर भरोसा नाही ना? थांबा. तुमचा मोबाइल द्या.” त्याने तिच्याच मोबाइलचा कॅमेरा नळीमागे धरला, फोटो काढला आणि मोबाइल तिच्यापुढे केला.

फोटोत काचेच्या मधोमध एक ठिपका होता. चऱ्यांच्या मागे थोडा धूसर, पण एकच, गोल.

“आता ही नळी डोळ्याला लावा आणि गोल फिरवा. शेपूट फिरतंय का?”

तिने फिरवून बघितली. नळी फिरली. शेपूट जागच्या जागी, खालीच राहिलं.

“म्हणजे ते नळीत नाही, तुमच्या डोळ्यात आहे,” मतीन आता जरा बेताने म्हणाला. “बुबुळाची गोलाई थोडी वाकडी असली की असं होतं. सिलिंडरचा नंबर म्हणतात त्याला. एरवी माणसाला पत्ता लागत नाही. हा लाल ठिपका चुगली करतो. चष्मा केला की बहुतेक जातं. उजेड कमी ठेवला तरी फरक पडतो. पुष्कळदा ते घराण्यातच असतं. तुमच्या घरी कोणाला आहे का?”

ती काउंटरवरचे तिन्ही नवे पीस एकेक करून खोक्यात घालत राहिली.

“होता,” ती म्हणाली.

“मग कोणता देऊ?”

“कोणताच नको. माल चांगला आहे तुमचा. उगाच बोलले.”

एसटीत खिडकीशी बसून तिने तो फोटो पुन्हा पुन्हा बघितला. परवापासून तिने एक गोष्ट मनाशी धरली होती: चूक दुकानदाराची. तो आधारही गेला. तिने आणलेली वस्तू चांगली होती आणि नानाही खरं बोलत होते. खोटं एकच वाक्य होतं, तिचं.

दसऱ्याला यंदा दारावर तोरण नव्हतं. नानांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. आईने, सत्यभामाबाईंनी, पाट मांडला, त्यावर बंदूक ठेवली, पण फूल वाहिलं नाही. उज्ज्वलाने जुना रेड डॉट पुन्हा बंदुकीवर बसवला. दुपारी युसूफचाचा आले. खिशातून आपट्याची दोन पानं काढून म्हणाले, “चल बेटी. त्याच्या वाटचे पाच तू मार.”

“चाचा, मला तुम्हाला एक सांगायचंय.” आणि लिंबाखाली उभ्या उभ्या तिने दुकानातलं सगळं सांगितलं. “त्यांना खरंच फुटलेला दिसत होता. मलाही दिसतो.”

चाचा दोऱ्याला पान बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला ठाव हाय. मला म्हणला व्हता तो. म्या म्हणलं, अरे काढून टाक बे ते लफडं, आपल्या जुन्या खाचेनं मार. एखाद-दुसरा तरी लागंल. तर म्हणला, पोरीनं आणलाय. काढला तर तिला वाईट वाटंल.” त्यांनी गाठ आवळली. “लई आडमुठा.”

 उज्ज्वलाने बंदूक खांद्याला लावली. पानावर लाल तुकडे सांडले. यातला कोणता तुकडा नानांनी देठावर धरला असेल? तिने मधला धरला. छर्रा पानाला न शिवता गेला. दुसऱ्यांदा शेपटाचा धरला. तोही गेला.

“आता तरी काढ,” चाचा म्हणाले.

तिला वाईट वाटेल म्हणून जपणारं आता कोणी नव्हतं. तिने चावीने दोन्ही स्क्रू सोडवले. रेड डॉट निघाला आणि मागची खाच मोकळी झाली. लहानपणी नानांनी शिकवलं होतं तसं तिने खाचेत दाणा आणला, दाण्यावर देठ आणला, श्वास अर्धा सोडला. तिसरा छर्रा चुकला. चौथ्याने पानाच्या एका बाजूला भोक पडलं. पाचवा कुठे गेला कळलं नाही. पान दोऱ्यावर हेलकावे घेत राहिलं.

“तुमची पाळी, चाचा.”

“मी न्हाई मारत,” ते म्हणाले आणि विहिरीच्या काठावर बसले. “कुणाशी मारू?”

ती घरात आली तेव्हा आई पाट उचलायच्या बेतात होती. उज्ज्वलाने बंदूक खुंटीला अडकवली आणि रेड डॉट आईच्या हातात दिला.

“काढला का?” आईने नळी उजेडाकडे धरून बघितली. “रोज पुसायचे गं याची काच. त्या दसऱ्यानंतर. बंदूक खुंटीवरच, खाली न्हाई काढायचे. उभ्यानंच धोतराच्या सोग्यानं पुसायचे. म्या म्हणायची, आता कावून पुसता, मारत तर न्हाईत. तर म्हणायचे, काच मळली असंल, म्हणून फुटत असंल. साफ झाली की पोरीला दाखवतो.”

आईने पदराचं टोक घेतलं आणि बोलता बोलता ती काच पुसू लागली. उज्ज्वलाने तिचा हात धरला.

“राहू दे आई,” ती म्हणाली. “साफ आहे ती.”