पलीकडची भिंत

माझी आत्या कपडे शिवते. तिला एखादी गोष्ट हवीशी वाटली की घरात कुणाची धडगत नसायची. मोटरच्या मशीनसाठी तिने दोन वर्षं आमचं डोकं खाल्लं. मशीन आलं, आठ दिवस बाई हवेत. नवव्या दिवशी पुन्हा कपाळाला आठ्या. मग गॅलरीवालं घर हवं झालं. तेही मिळालं. महिन्याभरात गॅलरीत चादरी वाळायला लागल्या आणि आत्या पुन्हा उदास.

"माझा आनंद म्हणजे कच्ची शिलाई गं," ती म्हणायची. "दोन धुण्यांत उसवतो."

बावन्नाव्या वर्षी तिच्या मनाने घेतलं, पोहायला शिकायचं आणि जलतरण तलाव एका दमात पार करायचा. बाबा हसले. "अगं, तुला बादलीभर पाणी बघून धाप लागते!"

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या तलावावर हजर.

चार महिने तिच्या नाकातोंडात पाणी जात होतं, पण तिने हट्ट सोडला नाही. अखेर तो दिवस उजाडला. आम्ही सगळे काठावर उभे. शिकवणाऱ्या बाईंनी शिट्टी फुंकली, आत्याने भिंतीला लाथ मारली आणि सुटली! पाव तलाव झाला, अर्धा झाला... आणि ती थांबलीच!

"बुडतेय ती!" बाबा किंचाळले.

बाई उडी मारणार तेवढ्यात आत्या पाठीवर उलटली, हातपाय पसरले आणि आभाळाकडे बघत खो खो हसायला लागली.

"ताई, भिंत तिकडे आहे!" बाई ओरडल्या.

"असू दे की! ती कुठे पळून जातेय?"

अर्धा तास ती मधोमध डुंबत होती. मग कधीतरी पलीकडे हात लावला आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या आत परत वळलीसुद्धा.

याला सहा वर्षं झाली. आत्या रोज जाते. मी एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत?"

"मशीन मिळालं, विषय संपला. पोहणं थोडंच असं एकदा मिळून संपतं? रोज पोहावंच लागतं. आणि माझी हाव संपली असं समजू नकोस हं, मला पोहायची लाल टोपी हवीय!"

गेल्या रविवारी तिने बाबांनाच पाण्यात ओढलं. त्यांनी काठ दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"दादा, सोड!"

"नाही!"

"अरे, मी धरलंय ना तुला!"

बाबांनी डोळे मिटले आणि हात सोडले.