मालातली खोट

‘रिजेक्ट’ हा शब्द धोंडिबांच्या घरात नवा नव्हता. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, तपासणी खात्यात, त्यांची उमेदीची सारी वर्षे गेली होती. एखाद्या सुट्या भागात केसाएवढी चीर दिसली, की ते त्यावर लाल पट्टा ओढत आणि तो भाग भंगारात जाई. रिजेक्ट म्हणजे मालात खोट, याबद्दल त्यांना कधी शंका आली नव्हती. त्यामुळे बायोप्सीचा अहवाल पाहून डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, प्रज्ञेशला, बसवलेली किडनी रिजेक्ट झाल्याचे सांगितले, तेव्हा मनात काही वाईट नसताना त्यांच्या तोंडून निघून गेले, “म्हणजे मालच कच्चा होता म्हणायचा.”

ती किडनी मैत्रीताईची होती, आणि ताई शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

तीन वर्षांपूर्वी, हिंजवडीच्या कंपनीत प्रज्ञेश नुकताच टीम लीडर झाला असताना, त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. थोरल्या बहिणीने कुणाला विचारले नाही. आधी स्वतःच्या तपासण्या करून आली, मग नवऱ्याला सांगितले. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताच तिने विचारले होते, “सुरू झाली का?” जणू विहिरीवर मोटर बसवून दिली होती.

आता मात्र बोपोडीच्या घराकडे ती फिरकेनाशी झाली. फोनवर प्रकृती विचारी आणि शेवटी अडखळत म्हणे, लहानपणी मला कावीळ झाली होती, त्यामुळे तर नसेल? आपण पुन्हा डायलिसिसच्या यंत्राला जोडले गेलो, हे प्रज्ञेशने कसेबसे मान्य केले होते. पण ज्या बहिणीने आपल्यासाठी अंगावर सुरी चालवून घेतली, तिने स्वतःलाच लाल पट्ट्याचा भाग समजावे, हे त्याला सोसवेना.

त्याने डॉक्टरांना गाठून सारे नीट समजावून घेतले. मग एका रविवारी, स्वारगेटला धाप लागली म्हणून बाकावर टेकत, बस बदलून तो कात्रजला तिच्या घरी पोचला.

ताई मेथी निवडत होती. एकटा कशाला आलास, म्हणून ती आधी त्याला रागे भरली. तो समोर बसला आणि सांगू लागला. माणसाच्या पेशींवर जनुकांनी उमटवलेल्या खुणा असतात, अर्ध्या आईकडून, अर्ध्या वडिलांकडून. भावंडांच्या खुणा कधी पूर्ण जुळतात, कधी मुळीच नाहीत; आपल्या अर्ध्या जुळल्या होत्या. रक्तातले पहारेकरी या खुणांवरूनच आपले कोण ते ओळखतात. औषधांनी इतके दिवस त्यांना गुंगीत ठेवले होते. आता ते जागे झाले.

“खोट तुझ्या किडनीत नव्हती, ताई. ती शेवटपर्यंत राबली. माझ्या शरीराने तिला परकं मानलं, एवढंच.”

ताईचे हात थांबले.

तिच्या लग्नात कुणा नातलगाने ‘मुलगी म्हणजे परक्याचं धन’ असे म्हटले होते, तेव्हा त्यांच्या आईने, कांताबाईंनी, भर मंडपात त्याला सुनावले होते: आम्ही बौद्ध आहोत, आमच्यात कन्यादान नसतं, जे दान दिलंच नाही, ते परक्याचं कसं होईल? त्या गेल्यावरही ‘परकं’ हा शब्द घरात कुणी उच्चारला नव्हता.

“परकं,” ताई म्हणाली.

“तसा अर्थ नाही गं त्याचा.”

“आई असती तर आज तुला सुनावलं असतं तिने.” ती किंचित हसली. “बाबांचं बोलणं परवडलं रे, प्रज्ञेश. कच्चा का असेना, माल घरचा तरी होता.”

तो दुसरा शब्द शोधत राहिला. संगणकाच्या चार भाषा येणाऱ्या त्या मुलाला आपल्या भाषेतला एक शब्द सापडेना. जो आठवे, तो फिरून त्याच उंबऱ्याशी येई. आपण तिची समजूत घालायला आलो आणि होती ती जखम अधिक खोल करून बसलो, हे त्याला उमगले.

ताई उठली. जेवूनच जा, म्हणाली. डायलिसिसच्या पथ्याप्रमाणे तिने भाजी उकळली, पाणी ओतून दिले, पुन्हा उकळली, पुन्हा ओतले. हिरवेपणा, कडूपणा, सारे मोरीत वाहून गेले. मग मिठाची चिमूटही न घातलेली ती भाजी तिने दोन ताटांत वाढली आणि भावासमोर बसून, मान खाली घालून, ती खाऊ लागली.