हात भिजले म्हणून

कपडे धुण्याच्या पावडरीवरून लोक इतके पेटून उठतील असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पावडरच ती, फार तर फेस होईल. पण सोमवारी ती जाहिरात टीव्हीवर लागली आणि मंगळवारी सकाळपासून पाकिटामागच्या नंबरावर फोनचा नुसता भडिमार सुरू झाला.

जाहिरातीत होतं तरी काय? एक पिळदार मिशांचा बाप बादलीपुढे बसून आपल्या तरण्याताठ्या मुलाचा शर्ट घासतो, मुलगा दारात उभा राहून बघतो, आणि शेवटी अक्षरं उमटतात, 'हात भिजले म्हणून पुरुषपण विरघळत नाही.' बस्स, एवढंच. पण एवढ्यानेही माणसाला झोंबतं, आता काय करणार.

हे फोन घ्यायला एका लांबलचक हॉलमध्ये चोवीस माणसं कानाला हेडफोन लावून बसत. स्वतःचं नाव नाही, फक्त नंबर सांगायचा असा नियम होता. खिडकीजवळची ती प्रतिनिधी सतरा. घरी ती ताई. आवाजही तिला दोन होते, घरचा खणखणीत आणि इथला साखरेत घोळवलेला. धाकटा भाऊ तर म्हणायचा, "ताई, ऑफिसला जाताना घसा घरीच ठेवून जातेस का गं?"

फोन संपला की तो पडद्यावरच्या तीनपैकी एका खान्यात टाकायचा: नाराज, खूश, इतर. एकाने सांगितलं की त्याने निषेध म्हणून अख्खी पावडर गटारात ओतली आणि त्याचा व्हिडिओ काढला. त्यासाठी दोन पाकिटं मुद्दाम विकत आणली होती, हेही अभिमानाने सांगितलं. एक बाई म्हणाली, "थांबा हं, ह्यांना देते फोन. तुमच्या तोंडून एकदा सांगा ह्यांना." एक गृहस्थ अगदी दबक्या आवाजात बोलत होते.

"पांढरे आणि रंगीत एकत्र टाकले तर काय होतं हो?"

"टाकलेत का, सर?"

"टाकले."

"मग काय झालं?"

"गुलाबी झालं सगळं. बायको सहाला येते."

एरवी सतरा पोट धरधरून हसली असती. पण या आठवड्यात तिचं चित्तच थाऱ्यावर नव्हतं. पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं होतं. शनिवारी धाकटा घर सोडून चालला होता.

तो नर्सिंग शिकला होता. दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नोकरी लागली होती, राहायची खोलीही मिळणार होती. आणि बाबा म्हणजे पस्तीस वर्षं लेथ मशीनवर लोखंड सोलत आलेला माणूस. मुलगा आज ना उद्या मशीनवर उभा राहील, या आशेवर त्यांनी दुसरा स्टूलसुद्धा करून ठेवला होता. नोकरीचं पत्र आलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले, "बायकांची कामं करायला पोरगा वाढवला नव्हता मी." त्याला चार महिने झाले. तेव्हापासून बापलेकांत अबोला, आणि तो असा की मध्ये ताई नसती तर घरातला नळही बंद झाला नसता.

"त्याला सांग, पाणी वाहतंय."

"त्यांना सांग, बंद केलंय."

म्हणजे ही दिवसभर ऑफिसात निरोप घ्यायची आणि घरी येऊन पुन्हा तेच. धाकट्याने तिला बजावलं होतं, "शनिवारपर्यंत बाबा माझ्याशी एक शब्द जरी बोलले तरी पुरे. नाही तर मी पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही." शेवटी बापाचाच मुलगा तो, बोलला म्हणजे करणार. ताईला धास्ती होती ती त्याचीच.

बुधवारी दुपारी फोन वाजला. मागे लेथची घरघर होती.

"ती जाहिरात बंद करा आधी."

बाबा होते. मुलगी कुठल्याशा कंपनीचे फोन घेते एवढंच त्यांना ठाऊक. कुठल्या, ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"आपली नाराजी मी समजू शकते, सर."

"काय समजता? पोरगा हाताशी यावा म्हणून बाप जन्मभर झिजतो, आणि पोरगा जातो परक्यांची अंगं पुसायला. वर तुम्ही बापालाच बादलीपुढे बसवता."

"अहो बाबा," तिच्या तोंडून निसटलंच.

घरघर थांबली. मग ते म्हणाले, "बाबाबिबा म्हणू नका. ग्राहक आहे मी." आणि फोन ठेवला.

हॉलच्या टोकाला बसून सगळ्यांचे फोन ऐकणाऱ्या साहेबाला सगळे 'कान' म्हणत. बाकीच्यांच्या भिंतींना कान असतात, इथे कानाला खुर्ची होती. तो उठून आला. "ग्राहकाला 'अहो बाबा' म्हणायचं नसतं. आपण वैतागलोय असं वाटतं त्यांना. पुन्हा नको."

ती काय सांगणार, कप्पाळ? 'नाराज' या खान्यात तिने वडिलांना टाकलं आणि पुढचा फोन घेतला.

गुरुवारी त्यांचा फोन शेजारच्या टेबलावर लागला. "काल बोलली तीच द्या, सतरा नंबर." फोन तिच्याकडे वळवल्यावर त्यांनी विचारलं, "तो मुलगा दारात उभा असतो ना, तो पुढे बापाला काय म्हणतो?"

"जाहिरात तीस सेकंदांची आहे, सर. तिथेच संपते."

"मग सोपं आहे. तीस सेकंद कोणीही बसेल बादलीपुढे." फोन बंद. हा तिने 'इतर'मध्ये टाकला. संध्याकाळी घरी बाबा मान खाली घालून जेवले.

शुक्रवारी चारच्या सुमारास फोन आला. आज लेथ नव्हती, नळ वाहत होता.

"पांढऱ्या शर्टावर रक्त पडलं असेल तर काय करायचं?"

सकाळी बाथरूमच्या बादलीत धाकट्याच्या युनिफॉर्मचा शर्ट तिने पाहिला होता, इथल्या दवाखान्यातल्या सरावाच्या शेवटच्या दिवशी रक्त उडालेला. आई गेल्यापासून घरात ज्याचे कपडे त्याने धुवायचे, दुसऱ्याच्या बादलीला कोणी हात लावत नसे. तिने पडद्यावरचं वाचून दाखवलं. "गार पाण्यात अर्धा तास भिजवा, सर. गरम पाणी अजिबात नको. त्याने डाग पक्का बसतो."

पलीकडे नळ बंद झाला.

"उकळतं घेतलं मी," बाबा म्हणाले. "माझे तेल-ग्रीसचे कपडे उकळत्यातच निघतात. वाटलं, चांगलं स्वच्छ निघेल. मग आता?"

पडद्यावर उत्तर होतं, 'अशा डागांची हमी कंपनी देत नाही.' तिने कानाकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता. बघू दे मेला, असं मनात म्हणून ती घरच्या आवाजात बोलली.

"आता घासू नका. कापड विरेल. तसाच वाळत घाला, बाबा."

"बुधवारीच ओळखलं होतं तुला," ते म्हणाले. "इतकं वैतागून मला बाबा म्हणणारं दुसरं आहे कोण?"

"मग पुन्हा इथे का फोन केलात? घरी विचारायचं होतं."

"घरी तू त्याच्या बाजूची. इथे निदान कंपनीची." मग घसा खाकरून म्हणाले, "त्याला सांग, की..."

"नाही," ती म्हणाली. "इथे निरोप घेत नाहीत. आणि आजपासून घरीही नाही. तुमचं तुम्ही सांगा." फोन तिनेच ठेवला, आणि मग ओढणीत तोंड खुपसून रडली. कान उठला, दोन पावलं आला आणि पाण्याची बाटली ठेवून परत गेला.

ती घरी पोचली तेव्हा शर्ट दोरीवर होता. खिशापाशी तपकिरी डाग, बघताक्षणी नजरेत भरेल असा. धाकटा त्याच्यापुढे उभा, आणि बाबा मोरीच्या दारात, बाह्या अजून दुमडलेल्या. दोघांनीही सवयीने तिच्याकडे पाहिलं. ती गप्प राहिली.

"गरम पाणी घातलं मी," बाबा शेवटी बोलले, थेट त्याच्याकडे बघून. "चुकलं माझं."

धाकट्याने डागावरून बोट फिरवलं. "रक्ताला गार पाणी लागतं, बाबा. आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवतात."

"मग घरी सांगायचंस की."

"विचारलंत कधी?"

ओले हात बाबांनी पँटला पुसले.

शनिवारी सकाळी बॅग भरताना दुसरा शर्ट धुतलेला, पांढराशुभ्र, हाताशीच होता. धाकट्याने तो बॅगेत टाकला आणि डागाचा अंगात चढवला.

"अरे, पहिल्याच दिवशी हा?" बाबा म्हणाले. "कोणी विचारलं, हे काय म्हणून, तर?"

"सांगेन," तो बटणं लावत म्हणाला, "वडिलांनी धुतलाय."