पडद्यावरची चीर

चष्मेवाल्याच्या सासूबाईंना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण घरात सगळ्यांत जास्त बोलायच्या त्याच. हातांनी बोलायच्या, भुवयांनी बोलायच्या, आणि राग आला की भांडी आपटून बोलायच्या. तो आवाज त्या सोडून सगळ्यांना ऐकू जायचा. जावयाला त्यांनी लग्नाआधीच एक नाव देऊन ठेवलं होतं. दोन्ही हातांच्या बोटांची कडी करून डोळ्यांपुढे धरायची आणि वर नाक जरासं उडवायचं. डोळे तपासून चष्मे बनवणं हा त्याचा धंदा, तेव्हा कडी समजण्यासारखी होती. नाक कशासाठी उडवलं जातं, हे बायकोने त्याला आजवर सांगितलेलं नाही.

दर रविवारी सकाळी सासूबाई आपल्या थोरल्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलत. मावशींनाही ऐकू येत नव्हतं. जन्मभर छापखान्यात पुस्तकं बांधून त्या आता दुसऱ्या गावी एकट्याच राहत होत्या. सासूबाईंचा कॉम्प्युटर म्हातारा होऊन रांगायला लागला, तेव्हा चष्मेवाल्याने बाह्या सरसावल्या आणि त्याच्यावरची विंडोज काढून लिनक्स टाकलं. फुकट आहे, हलकं आहे, व्हायरसची कटकट नाही, असं जेवताना सांगून सांगून त्याने घरादाराचे कान किटवले. सासूबाईंचे तेवढे वाचले. आणि कॉम्प्युटर खरोखर पळायला लागला, त्यामुळे काही दिवस त्याचं नाक आपोआपच वर होतं.

मग एका रविवारी बायको स्वयंपाकघरात आली. आईच्या हातांची भाषा ती बोबडं बोलायच्या आधी शिकली होती, त्यामुळे घरातली दुभाषी तीच.

"आई म्हणतेय, मावशीचे हात तुटतायत."

"म्हणजे?"

"तूच ये आणि बघ."

त्याने जाऊन पाहिलं. पडदाभर मावशी दिसत होत्या. सासूबाईंना हात मोठे दिसायला हवेत, म्हणून कॉल नेहमी पूर्ण पडद्यावर. मावशींनी हात भर्रकन आडवा नेला की मनगटाच्या वर एक आडवी चीर पडायची. खालचा हात पुढे निघून जायचा आणि वरचा मागे राहायचा. क्षणात परत जुळायचा.

"तुटतायत आणि थरथरतायत," सासूबाईंनी हातांनी सांगितलं.

"तुझा कॉम्प्युटर बिघडलाय," पलीकडून मावशी म्हणाल्या. "माझ्या हातांना काय धाड भरलीय?"

कॉल संपल्यावर सासूबाई खुर्ची ओढून जावयासमोर बसल्या. लेक भाषांतर करायला उभी राहिली.

"हे बघा, कॉम्प्युटर बिघडला असेल तर तो तुम्ही बघा. पण हात बिघडले असतील, तर मी जाऊन तिला इथे घेऊन येणार. ती एकटी राहते, मरेपर्यंत स्वतःहून सांगायची नाही. आमचं बोलणं म्हणजे हातच ना. तेव्हा काय ते मला नक्की कळू दे."

एवढं सरळ विचारल्यावर एखादा माणूस थोडा विचार करून बोलला असता. चष्मेवाल्याने चुटकीसरशी निकाल दिला. "आई, काळजी नको. याला टिअरिंग म्हणतात, चित्र फाटणं. मावशींचे हात ठणठणीत आहेत, आजारी आहे तो ग्राफिक्सचा ड्रायव्हर, चित्र पडद्यावर आणणारा प्रोग्राम. पुढच्या रविवारच्या आत बरा करतो."

सासूबाईंच्या जिवात जीव आला. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या, आणि ते पाहून चष्मेवाल्याला आपण फार मोठं काम आधीच केल्यासारखं वाटलं.

आता काम करायचं होतं. दुकानात त्याची एक पद्धत होती. डोळ्यांपुढे भिंग बदलायचं ते एका वेळी एकच, आणि दर भिंगाला गिऱ्हाइकाला विचारायचं, हे बरं की आधीचं बरं? दोन भिंगं एकदम बदलली की कशाने फरक पडला ते देवालासुद्धा सांगता येत नाही. हीच पद्धत त्याने कॉम्प्युटरला लावायची ठरवली.

आधी हवा होता पुरावा. त्याने एक साधा व्हिडिओ लावला, आणि चीर दिसली की थांबवून पाहिला. थांबवला की चित्र अखंड. पुन्हा चालू केला की चीर हजर. मग त्याने चालू व्हिडिओवरच स्क्रीनशॉट घेतला. स्क्रीनशॉटही स्वच्छ, धुतल्या तांदळासारखा. एकामागून एक घेत सुटला, एकातही चीर नाही. चोराला पकडायला धावावं, आणि दर वेळी तो वर्तमानपत्र वाचत बसलेला सापडावा, तशी त्याची गत झाली.

डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. त्याने बायकोला लाकडी फूटपट्टी उभी धरून डावीकडून उजवीकडे हलवायला लावली आणि फोनवर चित्रण केलं.

"किती वेळ हलवू?"

"मी सांगेपर्यंत."

"लग्नात हे बोलला नव्हतास," ती म्हणाली, पण हलवत राहिली.

तेच चित्रण फोनवर पट्टी अखंड दाखवत होतं आणि कॉम्प्युटरवर मधोमध मोडत होतं. म्हणजे दोष चित्रणात नव्हता. मग त्याने चालू पडद्याचाच फोनने फोटो काढला, आणि त्या फोटोत फूटपट्टी मोडलेली निघाली. पठ्ठ्या खुर्चीतून उठलाच. कॉम्प्युटरच्या पोटात चित्र धड होतं, म्हणून स्क्रीनशॉट स्वच्छ. ते पोटातून पडद्यावर येताना फाटत होतं. घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं होतं. हा आनंद बायकोला सांगायला गेला, तर ती फूटपट्टी त्याच्या हातात देऊन निघून गेली.

मग वाचन सुरू झालं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो इंटरनेटवरच्या चर्चा वाचत बसे. जगभर किती माणसं याच एका चिरेपायी डोकेफोड करत बसली आहेत, हे बघून त्याला नवल वाटलं, आणि खरं सांगायचं तर गोडही वाटलं. त्याला उमगलं ते असं. पडदा चित्र वरून खाली उतरवून घेत येतो. चित्रं बनवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला तेवढा धीर नसतो. पडदा मध्यावर पोचलेला असतानाच ते जुनं चित्र पुसून नवं टाकतं. फळ्यावरचं गणित आपण वहीत उतरवत असावं आणि बाईंनी मध्येच फळा पुसून पुढचं गणित लिहावं, की वहीत वरचा अर्धा भाग एका गणिताचा आणि खालचा दुसऱ्याचा. स्थिर चित्रात दोन्ही गणितं एकच असतात, म्हणून व्हिडिओ थांबवला की काही कळत नाही.

हे त्याने सासूबाईंना पाटीवर काढून दाखवलं. त्यांना ते फारच आवडलं. "म्हणजे दोघांची वेळ जुळत नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखी आणि जेवणाच्या ताटासारखी."

पहिलं भिंग त्याने लावलं ते सेटिंगमधलं. पडद्यावरच्या खिडक्या रंगवणारा एक प्रोग्राम असतो, त्याला पडद्याची वाट बघायला सांगायचं. सांगितलं. फूटपट्टी अखंड झाली. सासूबाईंना हाक मारायला म्हणून त्याने दिवा लावला-विझवला, त्या आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी व्हिडिओ पूर्ण पडद्यावर केला. चीर परत जागेवर. पूर्ण पडदा झाला की तो प्रोग्राम बाजूला होतो आणि कार्ड पुन्हा मोकाट सुटतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी वाचायला मिळालं.

दुसरं भिंग होतं कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर. इथे चर्चेतल्या अर्ध्या लोकांनी 'हाच उपाय' लिहिलं होतं आणि अर्ध्यांनी 'चुकूनही नको'. चष्मेवाल्याने पहिल्या अर्ध्यांचं ऐकलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पडदा काळाठिक्कर, आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय.  रविवारचा कॉल गेला तर सासूबाई त्याचं नवीन नाव ठेवतील, आणि त्यात नुसतं नाक उडवून भागणार नाही, हे त्याला दिसत होतं.

"बरा झाला का?" दारातून बायकोने विचारलं.

"होतोय."

"काळा आहे."

"बरे होतानाच काळे होतात."

चित्रं नसलेली, नुसत्या अक्षरांची एक मागची वाट असते. त्या वाटेने तो आत शिरला, एकेक हुकूम टाइप करून नवा ड्रायव्हर उपटून काढला, जुना परत बसवला. पडदा उजळला तेव्हा त्याने मनोमन हात जोडले. पुन्हा त्या वाटेला जायचं नाही, हे ठरलं.

तिसरं भिंग अगदीच किरकोळ निघालं. जुन्या ड्रायव्हरच्याच अंगात हे औषध होतं, फक्त त्याला 'घे' म्हणायला हवं होतं. एका छोट्या फाइलमध्ये ड्रायव्हरचं नाव, आणि खाली एक ओळ: टिअर-फ्री, चालू. लॉग-आउट करून परत आत आला, फूटपट्टीचं चित्रण पूर्ण पडद्यावर लावलं. पट्टी इकडून तिकडे गेली, सरळ, सळसळीत, एकदाही न मोडता. किती साधं, किती नीट. तो लहान पोरासारखा ते बघत बसला.

रविवारी त्याने स्वतः खुर्ची मांडली आणि सासूबाईंच्या मागे, बायकोशेजारी, हाताची घडी घालून उभा राहिला. कॉल लागला. मावशी आल्या. त्यांच्या मागच्या कपाटाची कड ताठ उभी होती. त्यांनी नमस्कार केला, हात खाली नेला, आणि बाही वरपासून खालपर्यंत अखंड आली. सासूबाईंनी मागे न बघता शाबासकीचा अंगठा वर केला. चष्मेवाल्याची छाती फुगली.

मग मावशी बोलू लागल्या, आणि त्यांची बोटं थरथरत होती.

चष्मेवाल्याला आधी वाटलं, औषध उतरलं. त्याने कपाटाकडे पाहिलं, कड स्थिर. टेबलावरचा पेला स्थिर. मावशींची मान, चष्मा, खांद्यावरची शाल, सगळं जागच्या जागी. चीर असती तर ती हलत्या गोष्टीवरच पडली असती, आणि गोष्ट थांबली की नाहीशी झाली असती. हलत होते ते फक्त हात, आणि तेही बोलताना कमी, थांबले की जास्त. अंगठा तर्जनीवर काही मळत असल्यासारखा.

आणि तेव्हा त्याला आठवलं की सासूबाई दोन गोष्टी बोलल्या होत्या. तुटतायत आणि थरथरतायत. त्याने एक ऐकली, कारण तिचं नाव त्याला माहीत होतं. दुकानात गिऱ्हाइकाला दहा वेळा विचारणारा हा माणूस घरात एकदाही विचारायला थांबला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

सासूबाईंची पाठ ताठ झाली होती. मावशींनी हात झटकन टेबलाखाली नेले, मग पुन्हा वर काढून घाईघाईने म्हणाल्या, "अजून तुटतंय ना? म्हटलं नव्हतं, तुझा कॉम्प्युटरच वाईट आहे."

सासूबाई वळल्या. लेकीकडे नाही, जावयाकडे.

"अजून बिघडलाय?"

पडद्यावरून मावशीही त्याच्याकडेच बघत होत्या. नजरेत अजीजी होती, आणि ती समजायला दुभाषी लागत नव्हता. मान हलवायची, एवढंच. हो म्हटलं असतं तर कोणाला शंका आली नसती. काळा पडदा घरात सगळ्यांनी पाहिला होता. मावशींना त्यांचं घर राहिलं असतं, सासूबाईंना आणखी एक रविवार सुखाची झोप लागली असती, आणि नालायक ठरलं असतं ते लिनक्स. चष्मेवाल्याला ते फार करावंसं वाटलं.

बायको भाषांतराला हात उचलणार, तोच त्याने स्वतःचे उचलले. त्याला हातांची भाषा मोडकीतोडकीच येत होती.

"पडदा चांगला," तो म्हणाला. "पडदा आता चांगला आहे, आई."

मावशींचे हात टेबलावर पडून राहिले. आता त्यांनी ते लपवले नाहीत. मग उचलले, आणि हळूहळू म्हणाल्या, "मला वाटलं होतं, अजून थोडे दिवस तो बिघडलेलाच राहील."

"डॉक्टरकडे गेलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"जाऊन आले. वाढत जाईल म्हणाले." बोटं मध्येच अडखळली, तोच शब्द त्यांना दोनदा करावा लागला. "मरणाची भीती नाही गं. पण एक दिवस मी बोलेन आणि तुलाही कळणार नाही. मग मी कोणाशी बोलू?"

बायकोने हे सांगता सांगता तोंड फिरवलं. पुढचं भाषांतर झालंच नाही, पण ते चष्मेवाल्याला दुभाष्याशिवायच कळलं, कारण सासूबाई लहान मुलाशी बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून बोलत होत्या.

"मी लहान होते, तेव्हा माझी बोटं वळत नव्हती. पाणी म्हणायचं तर झाड व्हायचं. आई कंटाळायची. तू समजून घ्यायचीस. माझं सगळं, तू समजून घ्यायचीस." त्या पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या. "आता तू बोल. चुकीचं बोल. मी येतेय तुला न्यायला."

मावशींनी डोळे पुसले. मग दोन्ही थरथरते हात वर उचलून कॅमेऱ्यापुढे धरले, आणि कोणते कपडे बरोबर घ्यायचे ते विचारायला लागल्या.