बाबांच्या खेळांना जागा

सासऱ्यांचा सगळा जन्म बंदरावर क्रेन चालवण्यात गेला. ते निवृत्त झाले तेव्हा मुलानं त्यांना खेळांसाठीचा दणदणीत कॉम्प्युटर जोडून दिला आणि स्वतः बोटीवरच्या नोकरीवर निघून गेला. सासऱ्यांचे खेळही कामातलेच असायचे. ट्रक हाकायचे, जहाजं रिकामी करायची. जन्मभर ओझी उचलली ती कमी पडली का, असं सून चेष्टेनं विचारायची.

ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. लॅब बंद पडली आणि तिनं घरूनच कामं घ्यायला सुरुवात केली. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं स्कॅन पाठवत, ती स्क्रीनवर त्याच्या मापाचा दात घडवत असे. पण तिच्या लॅपटॉपनं पार मान टाकली. तेव्हा सासऱ्यांनीच खुर्ची रिकामी केली. दिवसा हे यंत्र तुझं, म्हणाले. हळूहळू तिचा जम बसला.

एका सकाळी सासरे आंघोळीला गेलेले असताना त्यांचा फोन वाजला. पलीकडे बंदरावरचे त्यांचे एक जुने सोबती होते. या सोबत्यांना सगळे कप्तान म्हणत. बाबांची तब्येत बरी आहे ना, त्यांनी विचारलं. रोज संध्याकाळी दोघं आपापल्या घरून खेळात मिळून एक जहाज रिकामं करायचे, पण हल्ली बाबा तिकडे फिरकतच नव्हते.

तिनं कॉम्प्युटर उघडून पाहिला. खेळांपैकी एक पत्त्यांचा डाव तेवढा उरला होता. बाकी डिस्क तिच्या स्कॅननी काठोकाठ भरलेली. तिचं काम अडू नये म्हणून सासरे एकेक खेळ काढून टाकत गेले होते, आणि कधी अवाक्षर बोलले नव्हते. सासरे बाहेर येताच तिनं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"बाबा, मला सांगायचं तरी."

"त्यात काय सांगायचं? खेळ पुन्हा उतरवता येतो," ते टॉवेलनं डोकं पुसत म्हणाले. "तुझ्याकडे कुणाचा दात अडला, तर तो माणूस जेवणार कसा?"

दुसऱ्या दिवशी ते नाही नाही म्हणत असताना ती त्यांना कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेली. खेळांसाठी जागा हवी म्हटल्यावर, मुलगा केवढा आहे, खेळ कोणते खेळतो, असं दुकानदार बाईंनी विचारलं.

"सत्तरीला आलाय," सून म्हणाली. सासरे खुदकन हसले.

खर्च वाचावा म्हणून त्यांनी फोनवर एक डिस्क शोधून ठेवली होती. जागा अफाट आणि किंमत मातीमोल. बाईंनी ती पाहून मान हलवली. या भावात एवढी जागा मिळत नसते, म्हणाल्या. आकडा मोठा दाखवतात, आणि भरायला घेतलं की आतलं सगळं खराब होतं. मग सुनेनं यंत्राच्या पोटातला फोटो दाखवला. पट्टीसारख्या छोट्या ड्राइव्हची खाच एकच होती आणि ती आधीच भरलेली. तेव्हा बाईंनी केबलनं जोडायची साधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, काढली. खेळांना ती पुरते, त्याहून वेगाच्या मागं लागून पैसे घालवू नका, असं त्यांनी बजावलं. जुन्या स्कॅनसाठी त्यांनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सुचवली. ती सावकाश चालते, पण ऐसपैस आणि स्वस्त.

सासऱ्यांना आता रंग चढला. "म्हणजे रोजचा माल धक्क्यावर, जुना गोदामात."

"अगदी तसंच, काका."

घरी येऊन दोघांनी यंत्र उघडलं. त्यांनी डिस्क धरल्या, तिनं स्क्रू आवळले. दोन्ही डिस्क स्क्रीनवर दिसल्या तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिचे जुने जबडे गोदामात गेले. खेळ एकामागून एक परत येऊ लागले.

संध्याकाळी ती चहा घेऊन आली, तर सासरे कानांना हेडफोन लावून कप्तानांशी बोलत होते. इतके दिवस होतास कुठे, असं कप्तानांनी विचारलं असावं.

"जागा नव्हती रे," ते म्हणाले. "माझ्या मुलीनं करून दिली."

ती दारातच थांबली. लॅब गेल्यावर यांनी खुर्ची सोडली नसती तर आपलं काय झालं असतं, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. आभार मानायला ती पुढं झाली. सासऱ्यांनी चहा घेतला, शेजारी स्टूल ओढलं आणि तिच्या हातात कंट्रोलर दिला.

तिनं उचललेला पहिलाच कंटेनर थेट पाण्यात गेला.

"असू दे," सासरे म्हणाले. "नोकरीत माझाही पहिला असाच गेला होता."